आशा, पंचेचाळीसच्या वेगाने

शुक्रवारी हापिसात माझ्या एका जुन्या मॉड्यूलचं नवं व्हर्जन रिलीज झालं. नवं म्हणजे काय, तर टीममध्ये नुकत्याच आलेल्या एका पोराने माझाच कोड घेतला, दोन ठिकाणचे लूप काढून टाकले, मधे एक कॅश घातला... आणि ज्या रिपोर्टला चाळीस सेकंद लागायचे तो चार सेकंदांत यायला लागला. क्लायंटकडून कौतुकाची मेल आली. त्यात नाव त्या पोराचं. मॉड्यूल मुळात कोणी लिहिलं, आठ महिने कोण त्यात डोकं घालून बसलं होतं, याचा उल्लेख नाही. मी मोठ्या मनाने 'मस्त काम!' असं सगळ्यांना उत्तर टाकलं आणि चहाला जातो सांगून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोला?

शनिवारी सकाळी गावी निघालो. गाव म्हणजे सोमेश्वरनगर. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा आणि मग उसातून जाणारा रस्ता. गाडीत गाणी आपोआप लागत होती. जेजुरी मागे पडल्यावर एकदम ढोल बडवल्यासारखे ड्रम सुरू झाले आणि मी आवाज वाढवला. 'ब्रिमफुल ऑफ आशा'. कॉर्नरशॉप नावाच्या बँडचं गाणं. नीरा येईपर्यंत ते तीनदा ऐकलं. आणि लक्षात आलं, की माझं शुक्रवारचं दुखणं या गाण्यालाही होऊन गेलंय.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं २००६ साली, लेस्टरमध्ये. तीन महिन्यांचं ऑनसाइट होतं. पहिलाच परदेश. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटकडची मंडळी पबमध्ये घेऊन गेली. तिथे हे लागलं आणि अख्खा पब गायला लागला. मला त्या गलक्यात फक्त एक शब्द कळला. आशा! शेजारच्या चाळिशीच्या इंग्रजाला विचारलं, "ही आशा कोण?" तो म्हणाला, "तुमच्याकडची कोणीतरी मोठी गायिका आहे ना? आशा भोसले." त्याने 'भोस्ले' असं काहीतरी म्हटलं, पण म्हटलं. मी म्हणालो, "आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातली." (बारामतीच्या शेजारी सांगली नाही, सातारा मधे येतो. पण परदेशात सगळं शेजारीच असतं :-) )

तर या गाण्याची गोष्ट.

तजिंदर सिंग हा इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा पंजाबी पोरगा. १९९१ साली लेस्टरमध्ये त्याने बेन एअर्स वगैरे मित्रांबरोबर बँड काढला. इंग्लंडात तेव्हा भारतीय माणूस म्हटला की कोपऱ्यावरचा दुकानदार, हा ठरलेला शिक्का. या पोरांनी तोच शिक्का उचलून बँडला नाव दिलं, कॉर्नरशॉप. म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान! त्यांची रेकॉर्ड कंपनी विजा, तिचंही नाव मजेशीर. लंडनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाच्या पिनकोडची अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं. एकूण सगळा कारभार छोटा, गल्लीतला.

१९९७ साली या मंडळींनी एक गाणं केलं. गिटारच्या मोजक्याच कॉर्ड, त्याच त्याच, झोपाळ्यासारख्या मागेपुढे. वर तजिंदर सिंगचा आवाज, जरा आळसावलेला, दुपारी जेवण झाल्यावर कोणी गुणगुणावं तसा. विषय काय? प्रेम नाही, बंड नाही. विषय हिंदी सिनेमात पडद्यामागे गाणाऱ्या बायका-पुरुषांचा आणि त्यांच्या रेकॉर्डचा. आशाबाई आहेतच, लताबाई आहेत, रफीसाहेब आहेत. आकाशवाणी आहे, टू-इन-वन आहे. सरकारी सूचना आणि बांधली जाणारी धरणंसुद्धा आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या काठी वाढलेल्या माणसाला रॉक गाण्यात धरण भेटलं की काय वाटतं ते सांगता येत नाही! आणि या सगळ्यावरून पुन्हा पुन्हा येणारा आकडा, पंचेचाळीस.

हा आकडा आजच्या पोरांना सांगावा लागतो. पंचेचाळीस म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे मारणारी सात इंची तबकडी. अमेरिकेत आरसीए कंपनीने १९४९ साली ती बाजारात आणली. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. म्हणून 'सिंगल'. आपल्याकडे काटकसर जास्त. सिनेमाच्या सात इंची तबकडीवर बहुधा एका बाजूला दोन, अशी चार गाणी बसवायचे. शिवाय 'आशा' या शब्दाचा आपल्या भाषांमधला अर्थ तजिंदर सिंगला ठाऊक होताच. म्हणजे गाण्याचं नाव 'काठोकाठ आशा'. इंग्रजांना त्यातली गायिका कळली, पण आपल्याला दोन्ही कळतात.

पडद्यामागच्या गायकांना दाद देणं ही साधी गोष्ट नव्हे बरं का. 'महल' सिनेमा आला १९४९ साली. त्यातल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! गळा एकीचा, नाव तिसरीचं, तीही कल्पनेतली. माझ्या शुक्रवारच्या मेलपेक्षा हे जरा जास्तच होतं.

असो. ऑगस्ट १९९७ मध्ये सिंगल बाहेर आलं आणि ब्रिटिश यादीत साठाव्या नंबरावर जाऊन थांबलं. साठ म्हणजे काहीच नाही. पण त्याच वर्षाच्या शेवटी बीबीसी रेडिओवरच्या जॉन पील या निवेदकाच्या श्रोत्यांनी मतं देऊन वर्षातली आपली आवडती गाणी निवडली, त्यात हे पहिलं आलं. म्हणजे ज्यांनी नीट कान देऊन ऐकलं, त्यांना आधीच कळलं होतं. फक्त अशी माणसं थोडी होती.

मग आला नॉर्मन कुक. ब्रायटनचा डीजे, फॅटबॉय स्लिम या नावाने ओळखला जाणारा. एकेकाळी हाउसमार्टिन्स या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्या काळात त्याचं काम चालायचं घरच्याच खोलीत, एक जुना अटारी कंप्युटर आणि अकाईचे सॅम्पलर घेऊन. त्याने हे गाणं घेतलं, त्याचा वेग वाढवला, सूर वर चढवला आणि खाली दणदणीत ड्रम घातले. झोपाळ्याची आगगाडी झाली. हा रिमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये बाहेर आला आणि थेट पहिला नंबर! 'टायटॅनिक'मधलं सेलिन डिऑनचं गाणं तेव्हा शिखरावर बसलेलं होतं, त्याला याने एक आठवडा खाली ढकललं. पुढच्या आठवड्यात मॅडोना आली आणि संपलं. पण त्या एका आठवड्यात ब्रिटनमधलं सगळ्यात जास्त खपणारं गाणं आशा भोसल्यांवरचं होतं.

कॉर्नरशॉपला असं यश पुन्हा मिळालं नाही. त्यांचा पुढचा अल्बम यायला २००२ साल उजाडलं. आणि आजही पबमध्ये, जाहिरातीत, माझ्या गाडीत लागतं ते बहुतेक वेळा कुकचंच. साठ नंबरवालं मूळ गाणं मुद्दाम शोधावं लागतं.

नीरा गाव ओलांडलं तेव्हा माझा निकाल ठरला होता. तजिंदर सिंग म्हणजे मी आणि नॉर्मन कुक म्हणजे ते पोरगं. आम्ही घाम गाळायचा आणि कोणीतरी येऊन वेग वाढवायचा, की नंबर त्याचा!

या निकालाचं पुढे काय झालं ते सांगतो. पण त्याआधी तात्यांबद्दल सांगायला हवं.

तात्या म्हणजे माझे चुलते. सोमेश्वर कारखान्यात मिल हाउसला फिटर होते. गळीत हंगामात तीन पाळ्या आणि अंगाला मळीचा वास. हंगाम संपला की लग्नसराई, आणि लग्नसराईत तात्यांचा जोडधंदा. आहुजाचा अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, ट्रॅक्टरची बॅटरी, रेकॉर्ड प्लेअर आणि लोखंडी पेटीभर तबकड्या. वाघळवाडी, करंजे, निंबूत, मुरूम, जिथे मांडव तिथे तात्या. श्रावणी सोमवारी करंजेच्या सोमेश्वराच्या यात्रेत पाळण्याशेजारी त्यांचाच कर्णा. मी पेटी धरायला जायचो. माझ्याकडे एकच काम असायचं. तात्यांनी हात पुढे केला, की पांढऱ्या फडक्याने पुसलेली पुढची तबकडी कडेने धरून द्यायची. तबकडीच्या तोंडाला बोट लावलं तर टपली.

आशाबाईंच्या तबकड्यांवर तात्यांचा विशेष जीव. त्यांचा वेगळा कप्पा होता. आणि बॅटरी उतरायला लागली, की पहिल्यांदा कळायचं ते आशाबाईंच्याच आवाजावरून. तबकडीचा वेग मंदावायचा, सूर खाली खाली जायचा. तात्या ओरडायचे, "आरं बघ बघ, बाईचा बाप्या व्हायला लागला!" मग धावाधाव आणि दुसरी बॅटरी. पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर यातलं गणित कळलं. वेग साधारण सहा टक्क्यांनी बदलला की हार्मोनियमची एक पट्टी बदलते. पंचेचाळीसची तबकडी चुकून तेहतीसवर लावली तर गाणं पाच पट्ट्या खाली उतरतं. नॉर्मन कुकने मशिनवर जे केलं, ते आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर उलट्या दिशेने करत होतो, फुकटात.

आता मला नको वाटणारा भाग.

१९९७ च्या पावसाळ्यात मी पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. दिवाळीनंतर तात्यांच्या प्लेअरची सुई गेली. नीरेत, बारामतीत मिळेना. कॅसेटचा जमाना येऊनही पंधरा वर्षं झाली होती. तात्यांनी ती झिजलेली सुई कापसात गुंडाळून काडेपेटीत घातली आणि पुण्याला येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर माझ्याकडे हॉस्टेलवर पाठवली. बरोबर चिठ्ठी. 'तापकीर गल्लीत मिळेल. अशीच आण. घाई नाही.'

हॉस्टेलपासून तापकीर गल्ली सायकलवर वीस मिनिटं.

मी गेलो नाही. आधी सबमिशन होतं, मग परीक्षा, मग आणखी काहीतरी. खरं म्हणजे काहीच नव्हतं. शनिवारी मित्रांबरोबर लक्ष्मी रोडला हिंडायचो, तिथून तापकीर गल्ली हाकेच्या अंतरावर. पण 'रेकॉर्ड प्लेअरची सुई द्या' असं दुकानदाराला म्हणायची मला लाज वाटत होती. तेव्हा नुकत्याच सीडी हाताळायला मिळाल्या होत्या. एका चकतीत साडेसहाशे मेगाबाइट! आणि मी कसली सुई शोधत फिरणार? काडेपेटी ट्रंकेत राहिली आणि कधीतरी हरवली.

१९९८ च्या उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा तात्यांनी सुईचं विचारलं नाही. मीच म्हणालो, "तात्या, आता हे कोण ऐकतंय? विकून टाका सगळं." त्याच सुट्टीत एक दिवस भंगारवाला आला. तुटका पंप, पत्रे आणि पेटीतल्या तबकड्या, सगळं एकाच काट्यावर गेलं. पेटी तेवढी तात्यांनी ठेवून घेतली. तीत आता पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर असतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडे इंग्लंडात लोक दुकानांत जाऊन एक सिंगल विकत घेत होते, ज्यात अशाच तबकड्यांचं आणि त्याच आशाबाईंचं कौतुक होतं. मला हे आठ वर्षांनी लेस्टरच्या पबमध्ये कळलं. इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या, पण घशाखाली घोट जाईना.

तर परवा शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तात्यांना म्हटलं, एक गाणं ऐकवतो. तात्या आता अठ्ठ्याहत्तरचे, कानाला थोडे जड. ओट्यावर बसलो. काकू ताकाचे तांबे घेऊन आल्या. मोबाईलला छोटा स्पीकर जोडला आणि आधी कुकचं लावलं. तात्यांनी मान हलवली. मग मूळ लावलं. ते लागल्यावर तात्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. गाण्यात आशाबाईंचं नाव येई तेव्हा फक्त एक बोट उचलायचे. पाच मिनिटांचं गाणं, सगळं ऐकलं.

मी गोष्ट सांगितली. साठावा नंबर, पहिला नंबर, सगळं. आणि माझा निकालही सांगितला. म्हटलं, "बघा तात्या, मूळ माणसाचं राहिलं बाजूला."

तात्या म्हणाले, "राहिलं कुठं बाजूला? मगाशी तूच लावलास की."

"पण नंबर दुसऱ्याने वेग वाढवला म्हणून आला ना?"

"मग येणारच. हे बघ, वरात वेशीत आली की हे पळतं गाणं लावायचं. आणि रात्री जेवणावळी उरकल्या, पोरीची आई मांडवात एकटीच बसलेली असती, तवा हे दुसरं. वरातीत हे लावलंस तर लोक दगड मारतील." जरा थांबून म्हणाले, "ज्यानं पळवलं, त्यानं पन्नास वेळा तरी ऐकलं आसंल आधी. त्याबिगर कुठं हात घालायचा ते कळत न्हाई. मशिनचं पण तसंच आसतंय."

मी गप्प झालो. त्या पोराने माझा कोड ओळ न् ओळ वाचला होता, हे खरंच होतं. गेल्या महिन्यात दोनदा माझ्या डेस्कशी येऊन विचारून गेला होता, हे असं का लिहिलंय म्हणून. माझ्या आठ महिन्यांच्या कामात इतका रस दुसऱ्या कोणीच दाखवला नव्हता. गाण्याचा वेग वाढवणाऱ्याने गाण्याचं काही बिघडवलं नाही. ज्याला त्यासाठी वीस मिनिटं काढावीशी वाटली नाहीत, त्याने बिघडवलं. आणि तो त्या ओट्यावरच बसला होता.

म्हणून म्हटलं एकदाचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तात्या, ती सुई... मी आणलीच नाही. मिळत होती. मी गेलोच नाही."

तात्यांनी ताक संपवलं. तांब्या खाली ठेवला.

"न्हाई रे," ते म्हणाले, "तवा मिळतच नव्हती कुठं. बंद झाली होती सुई."

मिळत होती. त्यांना माहीत होतं, कारण तापकीर गल्लीचं नाव त्यांनीच चिठ्ठीत लिहिलं होतं. मी काही बोललो नाही.

मग त्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. म्हणाले, "यात घालून दे ते."

"कुठलं? पळतं की हळू?"

"दोन्ही घाल. पण हळू आधी लागू दे."

घालून दिलं. सोमवारी हापिसात गेलो की त्या पोराला चहाला नेणार आहे. तो विचारत होता ते, असं का लिहिलंय ते, जरा सावकाश सांगेन म्हणतो.